पंचाचा डावा हात

सॉफ्टबॉलच्या सामन्यात कधी कधी पंच एकदम डावा हात आडवा धरतो, मूठ वळलेली, आणि तसाच उभा राहतो. खेळ थांबत नाही. चेंडू फिरत असतो, पोरी धावत असतात, हात मात्र तिथेच. अर्थ एवढाच, की हातात चेंडू नसताना, मारलेला चेंडू अडवायचाही नसताना क्षेत्ररक्षक धावणारीच्या वाटेत आली. हिशेब डाव थांबल्यावर होईल. आणि त्याच पंचादेखत एखादीने बेसला पाय न लावता पुढे धाव घेतली, तर? तो चकार शब्द काढत नाही. समोरच्या संघाने अपील केल्याशिवाय त्याने काहीच पाहिलेलं नसतं.

आपल्या क्रिकेटमध्ये बाद द्यायला अपील लागतं, पण क्रीजमध्ये बॅट न टेकवता पळालेली धाव पंच आपणहून कापतो. इथे नेमकं ते गप्प बसण्याचं प्रकरण.

या दोन्ही नियमांचं मूळ जुन्या बेसबॉलमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक सामन्यांना पंच एकच असे. त्याची नजर चेंडूवर गेली, की माइक ‘किंग’ केली नावाचा बिलंदर दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याला वळसा न घालता तिरका थेट होमकडे पळे. १८९०च्या दशकात बाल्टिमोर ओरिओल्सचा जॉन मॅग्रॉ तिसऱ्या बेसवर उभा राहून पळणाऱ्याचा कमरपट्टाच धरून ठेवी. एकाने आधीच पट्टा सैल करून ठेवला, तो पळाला आणि पट्टा मॅग्रॉच्या हातात राहिला, असा किस्सा सांगतात. खरा-खोटा देव जाणे. पण वाट अडवणं आणि बेस गाळणं ही एकाच पाठमोऱ्या पंचाची जुळी लेकरं.

याच मॅग्रॉवर नियतीने सूड उगवला तो २३ सप्टेंबर १९०८ला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. तो आता जायंट्सचा मॅनेजर होता. शिकागो कब्जविरुद्ध १-१ अशी बरोबरी, शेवटचा डाव, फटका बसला, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू घरी पोचला, प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच माघारी वळला. तसं तेव्हा सगळेच करत. पण कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवला आणि बेसवर पाय रोवून दाद मागितली. काटेकोर बोलायचं तर हा फोर्स आउट, म्हणजे पुढच्या बेसवर जाणं भाग असलेल्या धावकाआधी चेंडू तिथे पोचणं; गाळलेल्या बेसचं अपील नव्हे. पण वृत्ती तीच. मौज अशी, की ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये एव्हर्सने हीच दाद मागितली होती आणि पंच हँक ओ’डे यांनी, आपण पाहिलं नाही म्हणून, ती फेटाळली होती. या वेळी ओ’डे डोळे उघडे ठेवून होते. मर्कल बाद, सामना बरोबरीत. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला गेला, कब्ज ४-२ने जिंकले आणि लीगही त्यांचीच झाली.

सॉफ्टबॉल जन्मला १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये, बंद दालनात. जॉर्ज हॅनकॉकने मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला म्हणतात. बेसबॉलचे नियम त्याने उचलले, पण मैदान आक्रसलं: बेसमधलं अंतर पुढे ९० फुटांऐवजी ६० झालं. साहजिकच धक्काबुक्कीला वाव वाढला. पूर्वी चेंडू ‘झेलण्याच्या बेतात’ असलेल्या क्षेत्ररक्षकाला वाटेत उभं राहायची सवलत होती. आता बेत म्हणजे किती फूट, हे कोण ठरवणार? अमेरिकी सॉफ्टबॉलच्या नियमपुस्तकाने पुढे ते शब्दच काढून टाकले. माझ्या मते या खेळातली ही सगळ्यांत शहाणी खोडाखोड.

अडवली गेलेली खेळाडू अडथळ्याविना जिथवर पोचली असती, तिथवरचे बेस पंच तिला देतो. मात्र एके ठिकाणी अडवलं म्हणून पुढचा बेस गाळायची मुभा नाही.

आणि पंचाचं ते मौन किती खोल मुरलंय ते २६ एप्रिल २००८ला दिसलं. वेस्टर्न ओरेगनच्या सारा टुकोल्स्कीने कॉलेजातली पहिली होमरन मारली आणि आनंदाच्या भरात पहिला बेस गाळला. पंच बोलणार नव्हता. तिचं तिलाच कळलं. वळताना गुडघा गेला. सहकाऱ्यांनी हात लावला तर ती बाद, बदली खेळाडू आणली तर होमरन नाही, नुसती एका बेसची मार, असं पंचांनी सांगितलं. यातलं दुसरं चूक होतं; बदली धावक चालला असता, हे नंतर उघड झालं. तेव्हा प्रतिस्पर्धी सेंट्रल वॉशिंग्टनच्या मॅलरी होल्टमनने विचारलं, आम्ही नेलं तर? नियमात आडकाठी नव्हती. तिने आणि तिची सहकारी लिझ वॉलेसने साराला उचललं आणि प्रत्येक बेसला तिचा पाय टेकवत घरी आणलं.

सामना वेस्टर्न ओरेगनने ४-२ असा जिंकला.