तुर्कस्तान, युरोपीय संघ आणि २००२ ची नागरी संहिता

तुर्कस्तानने १९८७ साली युरोपीय समुदायाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. १९९६ पासून औद्योगिक मालावरील परस्पर जकात उठली, मात्र व्यापारधोरण ठरविताना त्यास मताधिकार नव्हता. १९९९ मध्ये उमेदवारीचा दर्जा मिळाल्यावर कायदे झपाट्याने बदलले. वाटाघाटी २००५ मध्ये सुरू झाल्या आणि २०१८ पर्यंत ठप्प झाल्या.

टिकाऊ बदल म्हणजे १ जानेवारी २००२ ची नागरी संहिता. पती हाच कुटुंबप्रमुख, ही तरतूद तिने रद्द केली. ती तरतूद १९२६ साली स्वित्झर्लंडच्या, म्हणजे युरोपच्याच, संहितेवरून घेतलेली होती! विवाहकाळात कमावलेल्या संपत्तीत पत्नीला समान वाटा मिळाला. श्रेय केवळ ब्रसेल्सचे नव्हे; तुर्की स्त्रीसंघटना त्यासाठी आधीपासून झगडत होत्या. परंतु पतिपत्नींनी वेगळे ठरविले नसेल, तर २००२ पूर्वीची मिळकत या वाटणीबाहेरच राहिली. म्हणजे ज्या गृहिणींनी आधीच वीस-पंचवीस वर्षे संसार केला होता, त्यांना त्या काळातील मिळकतीत वाटा नव्हता.