दुकानदाराच्या गल्ल्यामागून

फिनलंडच्या पश्चिमेला लायहिया नावाचं गाव आहे. तिथे १८६२ साली जन्मलेले सान्तेरी आल्कियो गावातच दुकान चालवत. कॉलेजचं तोंड न पाहिलेला हा माणूस पुढे कादंबरीकार झाला आणि मंत्रीही.

एकोणिसाव्या शतकात त्या मुलखात चाकूबाज गुंडांची दहशत होती. लग्नघरीसुद्धा रक्त सांडायचं. १८९४ साली आल्कियोंनी याच गुंडांवर कादंबरी लिहिली. पण निव्वळ लिहून त्यांचं भागलं नाही. खेड्यातल्या पोरांनी वाचावं, सभेत बोलावं, दारू सोडावी म्हणून ते युवक मंडळांच्या चळवळीत उतरले. ही चळवळ १८८१ मध्ये काउहावात सुरू झाली होती. गंमत म्हणजे चाकूंसाठी प्रसिद्ध असलेलं गावही हेच!

१९०६ साली शेतकऱ्यांचा पक्ष उभा करण्यात ते पुढे होते. त्याच वर्षी निघालेल्या ‘इल्का’ या वृत्तपत्राला सोळाव्या शतकातल्या शेतकरी बंडाच्या नेत्याचं नाव मिळालं. 

१९०७ साली ते संसदेत निवडून गेले. १९१९ साली दारूबंदी आली तेव्हा या कडव्या पुरस्कर्त्याला बरं वाटलं असणार. मात्र चोरट्या दारूचा धंदा फोफावला. आल्कियो १९३० मध्ये वारले. बंदी १९३२ मध्ये उठली.