पेटीखालचा आकडा

भोपळा पारखूनच तंबोरा बांधावा, हे आम्हां मिरजकरांना सांगावे लागत नाही. पण घरच्या राउटरमध्ये सुरक्षेसाठी दुसरे फर्मवेअर घालायला निघालो, तेव्हा मी नुसते नाव पाहिले. लेक म्हणाली, "बाबा, आधी पेटी उलटी करा."

इतिहास तिच्या बाजूचा होता. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ साली आला. आत लिनक्स असल्याचे उघड झाले नि २००३ मध्ये कंपनीने ती आज्ञावली खुली केली. तिच्यावरून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. पण २००५ च्या पाचव्या आवृत्तीत नाव तेच, साठवण मात्र ४ एमबीची २! ओपनडब्ल्यूआरटी तीत मावेना.

आमच्या पेटीखालचा आवृत्तीचा आकडा यादीशी ताडला. तो यादीत नव्हता. तसेच रेटले असते, तर पेटीचा दगड होता. वाचकहो, नावाला भुलू नका, आकडा पाहा.