तीन पिनांची कुळकथा

सरकारी नोकराच्या बदलीबरोबर काय काय बदलते, ती यादी आपणा सर्वांस पाठ आहे. बाजारातील भाषा बदलते, डाळीची चव बदलते, आणि मुलांच्या शाळेतील दुसऱ्या भाषेचा घोळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. न बदलणाऱ्या गोष्टी थोड्या. त्यांपैकी एकीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शिलाँगच्या बिऱ्हाडातून बांधून आणलेली इस्त्री तिरुवनंतपुरमच्या भिंतीत मुकाट्याने बसते. देशात लिप्या अनेक असल्या तरी प्लग एक आहे.

हीच इस्त्री प्रतिनियुक्तीवर लंडनला नेली, तर मात्र ती पेटीतच राहते. तेथील प्लगच्या पिना चपट्या, आयताकृती. आपला गोल पिनांचा प्लग मुळात इंग्रजांचाच. मग तो त्यांच्याच घरी का नाही? त्यांनी तो टाकला असेल, तर आपण का टाकला नाही? आणि आज टाकावा काय? प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु त्याचे उत्तर भिंतीच्या आत बरेच खोल जाते.

ब्रिटिश मानक ५४६ हे १९३४ सालचे. त्यात दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपिअर असे चार आकार होते. आपल्या घरांत त्यांतले मधले दोन रुजले. आजच्या भारतीय मानक १२९३ मध्ये त्यांच्यावर सहा आणि सोळा असे आकडे पडतात, एवढाच फरक. या आकृतीमागे विचार होता. अर्थची पिन इतर दोघींहून जाड, म्हणून ती चुकीच्या भोकात शिरत नाही. आणि लांब, म्हणून ती सर्वांआधी जोडली जाते व सर्वांच्या शेवटी सुटते. लहान प्लगची अर्थची पिन ७.०६ मिलिमीटर जाडीची, आणि मोठ्या प्लगच्या इतर दोन पिना नेमक्या त्याच जाडीच्या. आकडे इंचांत ठरवणारे ते गृहस्थ काटकसरी असावेत!

दोष होता तो निराळा. प्रत्येक उपकरणाच्या भुकेप्रमाणे वेगळे सॉकेट, आणि मोठ्या सॉकेटला मुख्य फलकापासून स्वतंत्र तार. खोलीत दिव्याचे सॉकेट असे, तर शेगडीचे नसे. माणसे मग दिव्याच्या जोडणीतून शेगडी पेटवीत आणि तारा तापवीत.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४२ साली, युद्धोत्तर घरांच्या वीजजोडणीचा विचार करण्यासाठी ब्रिटनमध्ये एक समिती बसली. तिच्यातील एकमेव स्त्री-सभासद कॅरोलिन हॅस्लेट या होत्या. १९१९ पासून स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेच्या चिटणीस आणि १९२४ पासून गृहिणींना विजेचा परिचय करून देणाऱ्या संघटनेच्या प्रमुख असलेल्या या बाईंना स्वयंपाकघरात वीज कशी वापरली जाते हे ठाऊक होते. समितीपुढे दोन वास्तव गोष्टी होत्या. बाँबवर्षावाने पाडलेल्या शहरांतून लक्षावधी घरे उभारावयाची होती, आणि तांब्याची टंचाई होती.

१९४४ च्या अहवालातील तोड अशी. फलकापासून निघालेली तार सर्व खोल्यांतून फिरवून पुन्हा फलकाकडेच आणावयाची. अशा कड्यात प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी वीज पोचते, म्हणून तार बारीक चालते आणि तांबे वाचते. परंतु कड्याचा फ्यूज तीस अँपिअरचा. दिव्याची नाजूक वायर जळून गेली तरी तो वितळणार नाही. म्हणून उपकरणापुरता लहान फ्यूज प्लगच्या पोटात घालणे भाग पडले. आता असा प्लग आणि जुना बिनफ्यूजचा प्लग एकाच सॉकेटात बसता, तर सारी योजना फसली असती. तेव्हा पिनांचा आकारच असा केला की जुने नव्यात शिरू नये. तेरा अँपिअर हा आकडाही तीन किलोवॅटची शेगडी चालावी एवढ्या हिशेबाचा. शिवाय अर्थची लांब पिन आत गेल्याखेरीज उघडणार नाहीत अशा झडपा इतर दोन भोकांवर बसवल्या. १९४७ साली ब्रिटिश मानक १३६३ म्हणून हे प्रसिद्ध झाले.

ही गोष्ट सांगताना इंग्रजांच्या दूरदृष्टीचे पोवाडे गाण्याची प्रथा आहे. मला ते तितकेसे पटत नाही. एका प्रतिस्पर्धी कारखान्याने फ्यूजलाच पिन बनवले होते. ते आपोआप फिरून सैल होई आणि प्लग काढल्यावर सॉकेटात जिवंत विजेसह उभे राही. तेही घरोघर बसले होतेच. जुन्या घरांतील गोल सॉकेटेही पुढे कित्येक वर्षे टिकली. परिणामी उपकरणे बिनप्लगची, नुसती वायर लोंबत असलेली, विकली जात. कोणता प्लग लावावयाचा ते गिऱ्हाइकाने पाहावे. प्लगसकटच विक्री व्हावी असा नियम १९९४ मध्ये झाला, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी. रंगमंचावरील दिव्यांसाठी तर पंधरा अँपिअरचा गोल प्लग तेथे अजूनही चालतो.

त्याच १९४७ साली आपल्याकडे काय होते? साऱ्या देशात सुमारे १,३६२ मेगॅवॅट क्षमता, आणि वीज पोचलेली गावे सुमारे दीड हजार. पाटी जवळजवळ कोरी होती. बदल करावयाचा, तर इतक्या स्वस्तात पुन्हा कधीच झाला नसता. आपण संधी दवडली काय? तांबे आपल्यापाशीही मुबलक नव्हते, म्हणून कडे-पद्धतीचा मोह रास्त ठरला असता. परंतु तो प्लग त्या कड्यावाचून अपुरा, आणि ते कडे फ्यूजच्या शिस्तीवाचून धोक्याचे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा वेढा गुंडाळणारे हात आपल्याकडे घरोघर आहेत. त्या हातांत तीस अँपिअरचे कडे गेले नाही, हे मला बरे वाटते. गेल्याचे वाईट वाटते ते झडपांचे. त्या गोल पिनांनाही बसत होत्या, आणि आज बसतात.

आता बदलण्याचा हिशेब इतरांनी करून पाहिला आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १९८६ साली जगासाठी एक प्लग सुचवला. ब्राझीलने थोड्या फेरफाराने तो घेतला आणि टप्प्याटप्प्याने २०११ पर्यंत सक्तीचा केला. तेथे आधी इतक्या तऱ्हांचे प्लग होते की काहीतरी करणे प्राप्तच होते. तरी लोकांनी खूप बोटे मोडली. गंमत अशी की त्या देशात कोठे १२७ व्होल्ट, तर कोठे २२०, आणि प्लग मात्र दोन्हीकडे एकच! आपल्याप्रमाणेच पंधरा अँपिअरचा जाड गोल प्लग वापरणाऱ्या दक्षिण आफ्रिकेने अधिक सबुरीची वाट धरली: जुने ठेवून, २०१८ पासून नव्या वायरिंगमध्ये नवे सॉकेटही बसवावयाचे.

आपण ती वाट धरावी असे म्हणणारे इंजिनिअर मित्र मला भेटतात, आणि त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. जाड प्लग बोजड आहे, आणि दोन पिनांची परदेशी उपकरणे आपल्या सॉकेटात खिळखिळी बसतात. पण त्यांच्याशी बोलताना मला माझे नोकरीतले पहिले क्वार्टर आठवते. उत्तरेकडील एक गाव, पावसाळ्याचे दिवस. गीझरला हात लावला की मुंग्या येत. पत्नी म्हणे, लाकडी पाटावर उभे राहून नळ सोडावा. आणि आम्ही दोन महिने तसेच स्नान केले. अखेर वायरमन आला. भिंतीवरचे सॉकेट मानकाबरहुकूम होते, तीन भोके, वरचे जाड. त्याने दोन स्क्रू काढून ते पुढे ओढले आणि मला जवळ बोलावले. खालच्या दोन भोकांमागे दोन तारा होत्या. वरच्या भोकामागे काहीच नव्हते. ‘साहेब, या साऱ्या ओळीत असेच आहे,’ तो म्हणाला, आणि शेजारच्या क्वार्टरकडे निघाला.