बोनेअरची प्रवाळभित्ती : संरक्षणाचा इतिहास आणि त्याच्या मर्यादा

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वा-लंग’ हे श्वसनयंत्र विकसित केले. त्यामुळे पुढील दशकांत प्रवाळभित्तींचे जग हौशी पर्यटकांना खुले झाले. मात्र त्यांच्यासोबत भाला आणि नांगरही तेथे पोहोचले. या दृष्टीने कॅरिबियन समुद्रातील बोनेअर बेटाचा इतिहास अभ्यसनीय ठरतो.

तत्कालीन नेदरलँड्स अँटिलीसमधील या बेटावर १९७१ मध्ये भाल्याने मासेमारी करण्यास, तर १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यास बंदी घालण्यात आली. १९७९ मध्ये सागरी उद्यान स्थापन होऊन किनाऱ्यापासून ६० मीटर खोलीपर्यंतचे क्षेत्र संरक्षित झाले. नांगरामुळे प्रवाळ मोडू नयेत म्हणून नौका बांधण्यासाठी कायमस्वरूपी बोये बसविण्यात आले. परंतु आरंभीचे अनुदान संपल्यावर उद्यानाचे व्यवस्थापन खंडित झाले व कायदा कागदावरच राहिला. १९९२ मध्ये प्रत्येक पाणबुड्याकडून वार्षिक १० डॉलर शुल्क घेण्यास प्रारंभ झाला आणि त्या उत्पन्नावर उद्यान पुन्हा उभे राहिले. कायद्यास नियमित आर्थिक आधाराची जोड आवश्यक असते, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि या उपायालाही मर्यादा आहेत. २०२३ मध्ये प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग बेटावर आढळला आणि त्याच वर्षी तापलेल्या समुद्रात प्रवाळ पांढरे पडले. शुल्काच्या बळावर नांगर रोखता आला. सागराचे तापमान रोखणे मात्र एका बेटाच्या अधिकारात नाही.