‘जून डे’ आणि आपला जून

मृगाचा पाऊस एकदा लागला की आमच्या जुन्या घरात वेगळाच संसार सुरू व्हायचा. अंगणातल्या दोऱ्या सुटायच्या आणि पडवीत, माजघरात, मिळेल त्या दोन खांबांमध्ये नव्या दोऱ्या बांधल्या जायच्या. पाहुणा आला तर लुगड्यांच्या आणि पंचांच्या खालून वाकून आत यायचा. सोवळ्याची दांडी तेवढी उंच, छताला टांगलेली. तिच्यावर काठीने कपडे चढवायचे आणि काठीनेच उतरवायचे, खालच्यांनी हात लावायचा नाही. एवढे करूनही तीन तीन दिवस कपडा सुकत नसे. मग तो कुबट वास. गोव्यात वाढलेल्या माणसाला त्या वासाची ओळख करून द्यायला नको.

घरात तान्हे मूल असले की खरी कसोटी. रात्री न्हाणीत भाणाखालचे निखारे शेगडीत काढायचे, वर वेताची टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर दुपटी, लंगोट पसरायचे. आई दर थोड्या वेळाने उठून ते उलटवायची. डोळा लागला तर कपडा करपायचा, कधी टोपलीच धुमसायची. त्या चार महिन्यांत तिची झोप किती झाली, हा हिशेब आम्ही कुणी कधी केला नाही.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाकडे बाळ आले आणि घरात कपडे सुकवायचा ड्रायर घ्यावा का, यावर चर्चा सुरू झाली. त्या निमित्ताने या यंत्राचा इतिहास थोडा चाळला, आणि सापडले ते मनोरंजक निघाले.

इसवी सन १८०० च्या सुमारास पोशों नावाच्या एका फ्रेंच माणसाने भोके पाडलेले धातूचे पिंप तयार केले. ओले कपडे त्यात घालायचे आणि विस्तवावर ते हाताने फिरवत राहायचे. कपड्यांना धुराचा वास लागे, काजळी बसे आणि कधी कपडे पेटतही. म्हणजे आमची टोपलीच, फक्त गोल फिरणारी! पुढे १८९२ साली अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने कपडे स्टोव्हजवळ टांगण्याच्या घडीच्या चौकटीचे पेटंट मिळवले. यात फिरणे नव्हते, पण कपडा उबेजवळ नेऊन आगीपासून लांब ठेवण्याची सोय होती.

आजचा ड्रायर मात्र आला तो नॉर्थ डकोटाच्या बर्फातून. तिथल्या हिवाळ्यात दोरीवरचा ओला कपडा सुकण्याआधी गोठतो, पापडासारखा कडक होतो. जे. रॉस मूर नावाच्या माणसाला हे काम नकोसे झाले. त्याने १९१५ च्या सुमारास घराशेजारी एक शेड बांधून तेलाच्या स्टोव्हवर तापणारे फिरते पिंप बसवले. आपल्या आईचे हाल पाहून त्याने हे केले, असे सांगतात. पुढची वीसेक वर्षे तो या यंत्रामागे होता आणि ते बनवायला कारखानदार शोधत होता. अखेर विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स गावची हॅमिल्टन कंपनी तयार झाली. ही कंपनी मुळात छापखान्यासाठी लाकडी टाइप करणारी. १९३८ साली तिने हा ड्रायर बाजारात आणला. ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने त्याच्या दाराला काच बसवायला सुचवले. आत कपडे गरगर फिरताना दिसले नाहीत तर लोक या पत्र्याच्या डब्याला पैसे का देतील, असा त्याचा रोकडा विचार.

आणि यंत्राचे नाव काय ठेवले? ‘जून डे’. जूनमधला दिवस! तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन, कोरडा वारा. आपल्याकडे जून म्हणजे कपडे सुकायचे बंद होतात तो महिना. हे नाव वाचून मी एकटाच बराच वेळ हसत होतो.

या कथेचा उत्तरार्ध मात्र हसण्यासारखा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ड्रायर घरोघर पोचला. आज तिथे पाचांपैकी सुमारे चार घरांत तो आहे. सोय म्हणून आलेली वस्तू हळूहळू प्रतिष्ठेची झाली आणि अंगणातली दोरी दारिद्र्याची खूण ठरली. अनेक वसाहतींच्या रहिवासी संघांनी बाहेर कपडे वाळत घालायला चक्क बंदी केली. मग लोकांना ‘सुकवण्याच्या हक्का’साठी चळवळ करावी लागली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने २००८ साली अशा बंद्या रद्द केल्या, २००९ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने तसाच कायदा केला. उन्हात कपडा वाळत घालण्यासाठी कायदा! आपल्याकडेही काही नव्या संकुलांत बाल्कनीत कपडे दिसता कामा नयेत, असा नियम ऐकू येतो. तेव्हा ही गोष्ट फार लांबची समजू नये.

रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक लिहिले. घरात यंत्रे आली म्हणून गृहिणीचे काम कमी झाले नाही, हे त्यांचे म्हणणे. धुणे सोपे झाले तसे ते वारंवार होऊ लागले, आणि पूर्वी बाहेरची माणसे करत ते कामही घरातल्या एकटीवर आले. आपल्याकडे मडवळ घरचे कपडे न्यायचा. तो यायचा बंद झाला, वॉशिंग मशीन आले आणि रोजचे धुणे आईच्या वाट्याला आले.

म्हणून ड्रायर घेताना कंपनीच्या नावाआधी त्याचे काम समजून घ्यावे. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते. यातून साध्या ड्रायरची सुटका नाही. म्हणून आधी वॉशिंग मशीनमध्येच कपडे जोरात पिळून निघायला हवेत. पिळून काढलेले पाणी तापवून घालवलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

साधा ड्रायर दमट गरम हवा पाइपातून बाहेर सोडतो. तो पाइप घराबाहेरच निघाला पाहिजे. खोलीत सोडला तर आधीच घामेजलेल्या आपल्या चिऱ्याच्या भिंतींवर बुरशी आलीच. दुसरा प्रकार कंडेन्सरचा. यात बाष्पाचे पाणी होऊन टाकीत साठते. तिसरा हीट पंपाचा, जो १९९७ साली युरोपच्या बाजारात आला. त्याची रचना फ्रिजसारखी असते. थंड नळ्यांवर हवेतले पाणी सुटते आणि तीच हवा गरम नळ्यांवरून पुन्हा ड्रममध्ये जाते. उष्णता वाया जात नसल्याने वीज निम्म्याच्या आसपास लागते. किंमत जास्त आणि वेळही जास्त, पण चार महिने पावसात राहणाऱ्या घराला हाच परवडतो, असे माझे मत झाले. आम्ही तोच घेतला.

वर्षभरात त्याने एकदा दगा दिला. दीड तासाचे काम तीन तासांवर गेले. कारागीर आला, त्याने खालचे झाकण उघडले आणि मूठभर लव बाहेर काढली. कपड्यांपासून सुटणारी ही लव जाळीत अडकते. जाळी दर वेळी साफ केली नाही तर हवा कोंडते, कपडे सुकत नाहीत आणि तापलेली लव पेटूही शकते. अमेरिकेत २००८ ते २०१० या काळात घरातल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या, आणि सर्वांत मोठे कारण होते सफाई न करणे. पोशोंच्या पिंपातली आग अजून पुरती विझलेली नाही, एवढेच.

बाकी दुखणी साधी. मोटर गुरगुरते पण ड्रम फिरत नाही, तर बहुधा पट्टा तुटलेला. साध्या ड्रायरमध्ये ड्रम फिरतो पण ऊब नाही, तर उष्णता जास्त झाल्यावर तुटणारा फ्यूज गेलेला असू शकतो. तो बदलताना हवा कुठे कोंडली तेही शोधावे. फ्यूजच्या जागी नुसती तार जोडून देणाऱ्या कारागिराला मात्र दारातूनच परत पाठवावे. हात घालण्याआधी प्लग काढावा. आणि तेल पुसलेली स्वयंपाकघरातली फडकी कधीही ड्रायरमध्ये घालू नयेत. धुतल्यावरही त्यांत तेल उरते आणि उष्णतेने ती पेटू शकतात.

आईचा या सगळ्याला विरोध होता. “विजेने कपडे सुकवायचे म्हणजे उधळेपणा,” असे ती म्हणायची. पहिल्या दिवशी बाळाचे दुपटे निघाले ते तिने हातात घेतले, गालाला लावले. “वैशाखात वाळल्यासारखे लागते रे,” म्हणाली. मग थोडा वेळ ती गप्पच होती. त्या टोपलीवरच्या रात्री तिला आठवल्या असतील का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आमच्याकडे आता एक ठरले आहे. मृगापासून चतुर्थीपर्यंत ड्रायर, आणि त्याची जाळी साफ करायचे काम घरातल्या पुरुषांचे. चतुर्थीनंतर ऊन पडले की अंगणातली दोरी पुन्हा बांधायची.