सरखेल

मराठा आरमारप्रमुखाचा किताब. मूळ फार्सी शब्दाचा अर्थ ‘टोळीचा वा पथकाचा नायक’. कोकण किनाऱ्यावर मात्र तो आंग्रे घराण्याचीच ओळख बनला. छत्रपतींच्या गादीसाठी शाहू व ताराबाई यांच्यात चाललेल्या तंट्यात आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षात होते. त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले, तेव्हा नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी लढाईऐवजी बोलणी पसंत केली, आणि ती मोठी दूरदृष्टी ठरली. 1714 च्या तहात कान्होजी शाहूंकडे आले. सरखेलपद व 10 किल्ल्यांसह कुलाब्याचा मुलूख त्यांच्याकडे राहिला. 1729 मध्ये ते वारले. पुढे मुलांत तंटा लागला. 1735 च्या सुमारास पेशवे बाजीरावांनी आंग्र्यांची दौलत दोन मुलांत विभागली : संभाजींकडे विजयदुर्ग व ‘सरखेल’, मानाजींकडे कुलाबा व ‘वजारतमाब’ हा किताब. कान्होजींची समाधी अलिबागेत आहे.